चार मागांचं वेळापत्रक

पहिलं मी पट्टीनं आखलं होतं.
आठ ते नऊ गणित, नऊ ते दहा मराठी,
मधे दहा मिनिटं शेंगदाणे,
मग कानडी, मग विज्ञान.
लाल शाईच्या चौकटी, वर नाव: शाकंभरी, तिसरी.
कपाटाच्या दारावर खळीनं चिकटवलं.
आठ वाजता शाकू टेबलाखाली होती.
नऊ वाजताही.

शाळेत हजेरीला ती बोलायची नाही.
बाई तीनदा नाव घ्यायच्या,
आणि पहिल्या बाकावर बसून
ती गैरहजर राहायची.
जूनपासून पाठवलंच नाही.
सगळ्यांना कळलं. वडगावात बातमीला सायकल लागत नाही.

दुसरं वेळापत्रक मऊ होतं.
चौकटींच्या जागी गोल, तिच्या जांभळ्या रंगात.
पोरीला शांतता पाहिजे म्हणून
पडवीतले चारही माग मी बंद ठेवायला लावले,
सकाळचे दोन तास.
तिचे बाबा काही बोलले नाहीत.
धोटा मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले,
आजाऱ्याच्या उशाशी बसतात तसे.
शांतता झाली.
शांततेत शाकूला भिंतीवरची पाल ऐकू आली,
शेजारच्या निंगव्वाची लसणाची फोडणी,
माझा राग.
सातचा पाढा सोडून सगळं ऐकू आलं.

तेराव्या दिवशी शहापूरच्या सावकाराचा निरोप:
साड्या कुठायत?
बाबांनी बटण दाबलं.
खटाक् खट, खटाक् खट,
घर पुन्हा हलायला लागलं, फडताळातल्या वाट्यांसकट.
संपलं म्हणून मी वह्या आवरायला घेतल्या,
तर ही टेबलाखालून आली,
कांड्यांच्या खोक्याला टेकली
आणि वाचायला लागली.
मोठ्यानं वाचत असावी. ओठ हलत होते.
त्या दणक्यात कुणालाच ऐकू जात नव्हतं,
आणि म्हणून,
मला फार उशिरा कळलं,
म्हणूनच.

आता असं आहे.
हेस्कॉमची लाईट असेल तोवर अभ्यास.
लाईट गेली की सुट्टी,
म्हणजे निंगव्वाच्या कट्ट्यावर कानडी,
जिला शाकू कानडी म्हणत नाही,
शेंगा सोलणं म्हणते.
ऐदु, आरु, एळु.
सातावर दोघी अडखळतात,
निंगव्वा दातांमुळे, ही सवयीनं.
गणित मी कांड्या भरते तिथंच, चाकापाशी.
एका पदराला किती, तीन साड्यांना किती,
उरलेल्या धाग्याचं काय करायचं.
रविवारी खासबागच्या बाजारात हिशोब तीच करते,
भाजीवालीकडे न बघता, बोटांवर.
विज्ञान राहूनच जातं, ते मी कबूल करते.
गुरुवारी काहीच होत नाही.
का, ते अजून कळलेलं नाही.
आणि रात्री साडेदहाला लाईट आली
तर साडेदहाला उठून बसते.
झोप म्हटलं तर म्हणते,
"एवढं वाचून सोडते की."

इचलकरंजीहून नणंद फोनवर विचारते,
पुढं काय? परीक्षेचं काय? कितवीत म्हणायचं हिला?
रात्री एक वाजता आम्हालाही तेच सुचतं,
तिच्या बाबांना आणि मला,
वेगवेगळं,
एकमेकांकडे पाठ करून.

कपाटावरचा पहिला कागद अजून तसाच आहे.
ओढायला गेलं की दाराचा रंग निघतो.
काल त्यावर पेन्सिल दिसली,
विज्ञानाच्या चौकटीत, मुंगीएवढ्या अक्षरात:
बाणा तुटला की माग आपोआप थांबतो.
त्याला कसं कळतं?

मला काय ठाऊक.
ह्यांना दाखवलं.
चष्मा वर करून दोनदा वाचलं त्यांनी,
मग पान्हा हुडकून कोनाड्यात, हाताशी ठेवला.
म्हणाले, उद्या लाईट जाऊ दे,
उघडून दाखवतो.